बाकी उरली म्हणजे चुकले?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. माझी चौथीतली पुतणी ओट्यावर वही घेऊन भागाकाराची उदाहरणे सोडवीत बसली होती. अनसिंगला त्या दिवसांत संध्याकाळी रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेल्या गाड्या जात असतात, तिचे मात्र तिकडे लक्ष नव्हते. ४७ भागिले ५ या उदाहरणापाशी ती अडली होती. नवा पाची पंचेचाळीस येथवर ती बिनचूक आली, खाली २ उरले, आणि मग तिने खोडरबर हाती घेतला. पुन्हा केले, पुन्हा २ उरले. कागद विरविरीत होईपर्यंत खोडून झाल्यावर तिने जे केले ते पाहून मी थक्क झालो. तिने भाज्यातला ७ खोडून तेथे ५ केला. उदाहरण झाले ४५ भागिले ५, उत्तर ९, बाकी शून्य. तिने प्रश्नच बदलून टाकला होता.

मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, बाकी उरली म्हंजे चुकलं न?"

हे वाक्य मला अजूनही सोडायला तयार नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गणिताच्या अध्यापनाविषयी मत देण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारल्यास माझ्यापाशी पदवीचा कागद नाही. परंतु त्या मुलीची अडचण गणिताची नव्हती. पाचचा पाढा तिला येत होता, वजाबाकी येत होती, भाग कसा लावायचा हेही कळले होते. तिला 'बाकी' या शब्दाचे भय वाटत होते. शब्दाचे भय हा आमचाच प्रांत आहे, आणि तो आम्ही गणिताच्या शिक्षकांवर सोपवून मोकळे झालो आहोत, असे मला वाटते.

प्रथम या शब्दाकडेच पाहू. आपल्या चार मूलक्रियांपैकी गुणाकार आणि भागाकार ही नावे संस्कृतातून आली, तर बेरीज आणि वजाबाकी ही फारसी-अरबीच्या वाटेने, म्हणजे दफ्तरातून आली. 'वजा' आणि 'बाकी' हे वसुलाच्या हिशेबातले शब्द. जमेतून वजा जाता जी उरते ती बाकी, आणि वसुलाच्या कागदात उरते ते बहुधा कोणाकडून तरी येणे असते. मूल शाळेत 'बाकी' प्रथम वजाबाकीत भेटते, तेथे बाकी हेच उत्तर असते. पुढे वर्षभराने तोच शब्द भागाकारात येतो, तेथे उत्तर वर लिहितात आणि बाकी तळाशी पडून राहते. एकाच शब्दाने आपली जागा बदलली, हे मुलाला कोणी सांगत नाही.

शाळेबाहेर तर हा शब्द आणखी जड आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात मूल 'बाकी' ऐकते ते किराणा दुकानाच्या वहीसंदर्भात आणि पीककर्जाच्या 'थकबाकी'संदर्भात. कर्ज फिटल्यावर जो कागद मिळतो त्याला 'बेबाकी प्रमाणपत्र' म्हणतात, आणि तो घरात देवाजवळ ठेवावा इतक्या जपणुकीने ठेवला जातो. ज्या घरात बाकी म्हणजे देणे आणि बाकी शून्य म्हणजे सुटका, त्या घरातल्या मुलीने वहीतही बाकी शून्य व्हावी म्हणून धडपडावे, यात नवल ते काय? तिने आपल्या परीने हिशेब बेबाक केला होता.

'भागणे' या क्रियापदाचीही अशीच गंमत आहे. संख्या भागतात, माणूस चालून चालून थकतो-भागतो, आणि 'एवढ्या पिठात भागेल का?' असेही आपण विचारतो. वाटणे, दमणे आणि पुरणे हे तिन्ही अर्थ एका क्रियापदात नांदतात. यातला तिसरा अर्थ भागाकाराच्या सर्वांत जवळचा आहे. किती जणांना किती दिल्यावर भागेल आणि मग काय उरेल, हाच तर भागाकार. परंतु वर्गात आपण हा घरातला शब्द वापरीत नाही. तेथे 'एकाला सहाचा भाग जात नाही' असे एक वाक्य असते आणि ते वाक्य अनेक मुलांचा घात करते.

ते कसे, हे पाहण्यासाठी ६१५ भागिले ६ हे उदाहरण घेऊ. रीत अशी: सहाला सहाचा भाग एकदा जातो, वर १ लिहा. पुढचा १ खाली घ्या. एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून पुढचा ५ खाली घ्या. पंधराला सहाचा भाग दोनदा जातो, वर २ लिहा. बाकी ३. मूल लिहिते: भागाकार १२, बाकी ३. खरे उत्तर १०२, बाकी ३. मधले शून्य 'भाग जात नाही' या वाक्याने गिळले. ज्या क्षणी शिक्षक म्हणाले की भाग जात नाही, त्या क्षणी मुलाने मानले की येथे काही लिहायचे नाही.

आता हेच ६१५ रुपये सहा जणींत वाटायला द्या. शंभराच्या ६ नोटा, दहाची १ आणि रुपयाची ५ नाणी. प्रत्येकीला शंभराची एकेक नोट मिळाली. दहाची नोट एकच आहे, ती सहा जणींना वाटता येत नाही, म्हणजे दहाची नोट प्रत्येकीला शून्य. मग ती नोट सुटी करून आणायची. दहा आणि पाच मिळून पंधरा नाणी झाली, प्रत्येकीला दोन आणि तीन उरली. प्रत्येकीला १०२ रुपये. हे वाटून झाल्यावर कोणतीही मुलगी '१२ रुपये' म्हणणार नाही, म्हणालीच तर बाकीच्या पाच जणी तिला हसतील. 'अंक खाली घेणे' म्हणजे मोठ्या नोटेचे सुटे करणे, एवढा एक अर्थ कळला की रीत पाठ करावी लागत नाही.

या वाटणीत आणखी एक गोष्ट दिसते. भागाकाराच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी उरतच असते, आणि जे उरते तेच सुटे होऊन पुढच्या स्थानात मिसळते. लांब भागाकार म्हणजे बाक्यांची साखळी आहे. बाकी नसती तर पुढची पायरीच आली नसती. अखेरची बाकी तेवढी वेगळी, कारण तिला सुटे करून जायला पुढे स्थान उरलेले नसते. ज्या गोष्टीवर सारी रीत चालते तिलाच आपण चूक समजायला शिकवतो. वर्गात पहिले काही दिवस निःशेष भाग जाणारीच उदाहरणे द्यायची, मग 'आता अवघड उदाहरणे' असे म्हणून बाकीची द्यायची, ही सवय आपल्यात खोल रुजली आहे. सोपे म्हणजे शून्य आणि अवघड म्हणजे बाकी हा धडा मूल त्याच वेळी घेते. वास्तविक बाजारात, शेतात, पंगतीत निःशेष भाग जाण्याचा योग क्वचित येतो. ५ ने भागताना बाकी ०, १, २, ३ किंवा ४ यांपैकी काहीही असू शकते. म्हणजे मनात येईल ती संख्या घेतली तर पाचांतून चार वेळा काही ना काही उरणारच.

हा प्रश्न एका वहीपुरता नाही. २००५ पासून 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने देशाच्या ग्रामीण भागात 'असर' हे सर्वेक्षण होत आले आहे. त्यात मुलांच्या घरी जाऊन त्यांना थोडे वाचायला आणि थोडे गणित करायला सांगतात. गणिताची सर्वांत वरची पायरी आहे ती तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याची. म्हणजे आपल्या देशात ग्रामीण मुलाला गणित येते की नाही, याचा कौल आज एका भागाकारावर ठरतो. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या सुमारे तीस टक्के मुलांनाच हा भागाकार जमला. आमचा वाशीम जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि तेथेही शिक्षण हा मोजमापाचा एक निकष आहे. मोजमाप व्हावेच. पण ज्यांना जमले नाही त्या सत्तर टक्क्यांत पाढा न येणारे किती आणि बाकीला घाबरून खोडणारे किती, हे अशा आकड्यातून कळत नाही. ते वही पाहूनच कळते.

आणि ज्यांना रीत येते त्यांचे तरी काय होते? अमेरिकेत एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न विचारला होता. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचे आहे, तर किती बस लागतील? सुमारे सत्तर टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला: ३१, बाकी १२. पण 'बत्तीस बस' असे उत्तर लिहिणारी मुले जेमतेम तेवीस टक्के होती. एकोणतीस टक्के मुलांनी लिहिले, '३१ बाकी १२ बस'. आणखी अठरा टक्क्यांनी ३१ लिहून बारा सैनिक रस्त्यावर सोडून दिले. या मुलांना भागाकार येत होता. आपण कशाविषयी बोलत आहोत, याचे भान सुटले होते. हे वाचनातले अपयश आहे, आणि म्हणूनच भाषेच्या शिक्षकाने येथे कान टवकारले पाहिजेत.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. ४३७ किलो सोयाबीन आहे, एका पोत्यात ६० किलो भरायचे. भागाकार ७, बाकी १७. आता तीन प्रश्न विचारा. भरलेली पोती किती झाली? ७. सगळा माल उचलायला बारदाना किती लागेल? ८. पूर्ण पोती विकून घरी किती माल राहिला? १७ किलो. आकडेमोड एकच, उत्तरे तीन, आणि तिन्ही बरोबर. कोणते उत्तर द्यायचे हे आकड्यांत लिहिलेले नाही, ते प्रश्नाच्या वाक्यात लिहिलेले आहे. 'भरलेली' या एका विशेषणाने उत्तर सात होते आणि 'सगळा' या एका शब्दाने आठ. कवितेतला एक शब्द बदलला की अर्थ बदलतो, हे आम्ही बी. ए.च्या वर्गात तासभर समजावून सांगतो. तेच चौथीत बारदान्याच्या उदाहरणात अधिक लवकर कळले असते.

आपल्या परंपरेत बाकीला असा कमीपणा कधी नव्हता. आर्यभटाने ४९९ मध्ये मांडलेली आणि भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (शके १०७२, म्हणजे ११५०) विस्ताराने दिलेली 'कुट्टक' ही रीत बाकीपासूनच सुरू होते. अमुक संख्येला ५ ने भागले तर ३ उरतात, ७ ने भागले तर २ उरतात, तर ती संख्या कोणती? येथे भागाकाराची कोणी चौकशी करीत नाही. उरलेल्यावरून मूळ शोधायचे असते. (उत्तर २३. वाचकांपैकी किती जणांनी ते मनातल्या मनात करून पाहिले, हे मला जाणून घ्यायला आवडेल.) कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिले. त्यात दिवस मोजण्याची सुरुवात अशी आहे: चालू शकातून १४४२ वजा करावे आणि जे येईल त्याला ११ ने भागावे. भागाकार हे 'चक्र' आणि जी बाकी उरते तिच्यावर पुढचे गणित उभे राहते. शके १९४७ घेतले तर ५०५ भागिले ११, चक्रे ४५ आणि बाकी १०. आणि आजचा वार कोणता, हा प्रश्न तरी काय आहे? मोजलेल्या दिवसांना ७ ने भागून उरलेली बाकी. आठवड्याचा प्रत्येक वार ही एक बाकीच आहे.

आपल्या भाषेने तर बाकीसाठी घरोघरी जागा करून ठेवली आहे. तेरा भाकरी चौघांत वाटल्या तर प्रत्येकाला तीन आणि बाकी एक, असे पुस्तक म्हणते. मराठी माणूस म्हणतो, सव्वातीन. चौदा असतील तर साडेतीन, पंधरा असतील तर पावणेचार. सव्वा, साडे, पावणे हे शब्द म्हणजे चौघांत वाटून झालेली बाकी आहे. पूर्वीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. त्या घोकंपट्टीचे मी गोडवे गाणार नाही, तिच्यासोबत छडीही होती. पण उरलेल्याचेही पुढे काही करता येते, ते वाटता येते आणि त्याला नावही असते, एवढी गोष्ट त्या पाढ्यांमुळे कानावर पडत असे. आता बाजारात 'सव्वातीन' म्हणणारे मूल वर्गात '३ बाकी १' लिहिते आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे, हे त्याच्या गावीही नसते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाचा बदल आला तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, हे आपल्याला आठवत असेल. 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' असेही वाचावे, अशी ती सूचना होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. विधिमंडळापासून चौकापर्यंत मराठीच्या नाशाची चर्चा झाली. मला स्वतःला 'सत्तावीस' प्रिय आहे आणि तो शब्द जावा असे वाटत नाही. पण त्या गदारोळात एक मूळ मुद्दा ऐकूच आला नाही. मराठीत आपण 'सत्ता-वीस' म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांत मूल उजवीकडून, एककापासून सुरुवात करते. भागाकार ही एकच क्रिया डावीकडून, मोठ्या स्थानापासून सुरू होते. कानाची दिशा एक, तीन क्रियांची सवय तीच, आणि चौथ्या क्रियेची अगदी उलट. या वळणावर मुलाचा हात धरायचा कसा, यावर आम्ही मराठीचे अध्यापक एक अक्षर बोललो नाही. आम्ही शब्दाच्या रक्षणासाठी धावलो, तो शब्द उच्चारणाऱ्या मुलाकडे वळून पाहिले नाही. मी 'आम्ही' म्हणतो, कारण त्या वेळी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये तावातावाने बोलणाऱ्यांत मीही होतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गैर नाही. हातातल्या फोनमध्ये गणकयंत्र असताना लांब भागाकार शिकवायचाच कशाला? मी म्हणेन, फोनवर ११२८ भागिले ३६ करून पाहा. उत्तर येईल ३१.३३३. यात बारा सैनिक कोठे आहेत? यंत्र बाकी दाखवीत नाही, ती दशांशात विरघळवून टाकते. मोठमोठे भागाकार यंत्राने करावेत, त्याला माझा विरोध नाही. पाच अंकी संख्येला तीन अंकी संख्येने भागण्याची पन्नास उदाहरणे घालणे ही शिक्षाच आहे. पण छोट्या संख्यांचा भागाकार हाताने, वस्तू वाटून, उरलेले डोळ्यांनी पाहून झालाच पाहिजे. बाकी भाजकापेक्षा लहान का असावी, हा नियम पाठ करण्याचा नाही. चौघांत वाटताना पाच उरले असतील तर आणखी एक फेरी होऊ शकते, हे वाटणारा हात सांगतो.

दुसरा आक्षेप शिक्षकमित्रांचा असेल: एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता, त्यात माहिती भरण्याची कामे, हे सारे करायचे केव्हा? हा आक्षेप मला निरुत्तर करतो. म्हणून मी मागणी लहानच ठेवतो. पहिल्या दिवशीच्या पहिल्या उदाहरणात काहीतरी उरू द्यावे. 'बाकी' म्हणण्याआधी काही दिवस 'उरले' किंवा 'शिल्लक' म्हणावे, कारण घरात बाकी म्हणजे दुसऱ्याचे देणे असते आणि शिल्लक म्हणजे आपल्या हातातले. आणि शाब्दिक उदाहरणाचे उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घ्यावे. यांपैकी एकालाही खर्च नाही, आणि तिसरे काम मराठीच्या तासालाही करता येते.

हे सारे मी एवढ्या तळमळीने का लिहितो आहे, तेही सांगून टाकतो. दरवर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्गात मी मुलांना विचारतो की मराठी का घेतले. काही जण कवितेचे नाव घेतात. बरेच जण खाली पाहून हसतात आणि म्हणतात, 'सर, गणित नव्हतं म्हणून.' मीही त्यांच्यातलाच. आठवीत फळ्यापाशी उभे असताना भागाकारात ४ उरले होते. मी ते पुसून शून्य केले आणि वर्गभर हशा झाला. त्या दिवशी गणिताची वाट मी मनातून सोडली. पुढे मराठीने मला पुष्कळ दिले, त्याची तक्रार नाही. पण भाषेकडे येणारा विद्यार्थी भाषेच्या ओढीने यावा, एका न समजलेल्या शब्दाच्या भीतीने पळत येऊ नये, असे आता चाळिशी उलटल्यावर वाटते. भीतीने आलेला विद्यार्थी कवितेतही 'बरोबर उत्तर' शोधतो. निःशेष अर्थ लागत नसेल तर तो कविताच बदलून सोपी करून घेतो. माझ्या वर्गात हे रोज घडते. पुतणीने ४७ चे ४५ केले, त्याचीच ही पुढची इयत्ता आहे.

त्या संध्याकाळी मी तिच्या वहीतला ५ खोडून पुन्हा ७ केला. घरातल्या माचिसच्या काड्या मोजून दिल्या आणि पाच वाट्या मांडल्या. नऊ फेऱ्या झाल्यावर दोन काड्या हातात राहिल्या. त्या कोणत्या वाटीत टाकाव्यात, यावर ती बराच वेळ विचार करीत होती. शेवटी तिने वहीत उदाहरणाखाली स्वतःहून लिहिले: 'पाच वाट्यांत नऊ नऊ काड्या आल्या. दोन काड्या माझ्या हातात उरल्या.' दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली की नाही, ते मी विचारले नाही.